पलटणीतून घरी आल्यावर पगाराचा हिशेब



आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फौजेची नोकरी ही काही नवलाची गोष्ट नव्हे. शिरोळ तालुक्यात एका गावाचे नावच मुळी सैनिक टाकळी आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड या बाजूला गावोगाव पलटणीत गेलेली माणसे आहेत. संस्थानच्या काळात इथली राजाराम रायफल्स होती, ती विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत मिळाली. त्या पलटणीचे केंद्र बेळगावला, म्हणजे आपल्या दारातच. तेव्हा भरतीची माहिती आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही असते. धावायचे किती, छाती किती भरावी लागते, सगळे तोंडपाठ. पण भरती झालेला माणूस काळी ट्रंक घेऊन परत एस. टी.तून उतरतो, तेव्हा पुढचे काय, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. आज त्याच गोष्टीविषयी बोलायचे आहे.

मी पेशाने मास्तर. गावात मास्तराकडे लोक कागद वाचून घ्यायला येतात, ती रीत अजून मोडलेली नाही. असेच एक हवालदार माझ्याकडे आले. अठराव्या वर्षी भरती झालेले, बेचाळिसाव्या वर्षी घरी आलेले. हातात दोन कागद होते. एक फौजेतली शेवटची पगारपावती आणि दुसरा केंद्र सरकारच्या एका खात्यातल्या नेमणुकीचा हुकूम. दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "गुरुजी, हे बघा की. चोवीस वर्षं बंदूक धरली, आन् आता परत पहिल्या पायरीवर उभं करत्यात. ह्यापरीस ऊस बघितलेला बरा."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. नेमणुकीच्या हुकमात मूळ पगार होता २१,७०० रुपये. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात ही तिसरी पातळी. पोस्टमनची जागा याच पातळीची. आणि गंमत अशी, की फौजेत नवीन शिपाई लागतो तोही याच तिसऱ्या पातळीवर, याच २१,७०० रुपयांवर. म्हणजे ज्या पायरीवर माणूस मिसरूड फुटताना उभा राहतो, तीच पायरी त्याला चाळिशी उलटल्यावर दाखवतात. कुणालाही अपमान वाटेल.

पण मंडळी, इथेच चूक होते. आपण एका कागदावरचा मूळ पगार दुसऱ्या कागदावरच्या मूळ पगाराशी ताडून पाहतो. तसे करायचे नसते. फौजेतला पगार बंद झाला, तरी फौजेचे येणे बंद झालेले नसते. निवृत्तिवेतन म्हणजे पेन्शन चालू होते. तेव्हा एका पारड्यात जुना पगार, आणि दुसऱ्या पारड्यात नवा पगार अधिक पेन्शन, असा तराजू धरला पाहिजे.

आता पाटी घ्या. गुरुजनांना विनंती की हे गणित वर्गात शेकडेवारीच्या धड्याला जरूर द्यावे, पोरांच्या घरचेच आहे.

समजा हवालदाराचा शेवटचा मूळ पगार ४०,४०० रुपये. त्यावर शिपायापासून सुभेदार मेजरापर्यंत सर्वांना मिळणारा सैनिकी सेवा वेतनाचा आकडा ५,२०० रुपये. हे वेतन सहाव्या आयोगाने सुरू केले. सीमेवरची थंडी, वाळवंटातले ऊन, घरापासून दूर राहणे, यांचे ते मोल. सिव्हिल नोकराला ते नाही. दोन्ही मिळून झाले ४५,६००. महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. सोपे जावे म्हणून आपण ५० टक्के धरू, तो १ जानेवारी २०२४ पासून तेवढा झालाच होता. म्हणजे २२,८०० रुपये. एकूण ६८,४०० रुपये. प्रॉव्हिडंट फंड आणि विम्याची कपात यातूनच होते, ती तूर्त बाजूला ठेवू.

आता दुसरे पारडे. पेन्शन ४५,६०० च्या निम्मे, म्हणजे २२,८००. पेन्शनीवरही महागाई मिळते, ती ५० टक्क्यांनी ११,४००. बेरीज ३४,२००. नव्या नोकरीत मूळ पगार २१,७००, महागाई १०,८५०, आणि कोल्हापूर शहरात नेमणूक असेल तर या वेळी घरभाडे मूळ पगाराच्या २० टक्के, म्हणजे ४,३४०. यातून राष्ट्रीय पेन्शन योजनेची १० टक्के कपात, ३,२५५ रुपये. उरले ३३,६३५. त्यात पेन्शन मिळवा. झाले ६७,८३५ रुपये.

एकीकडे ६८,४००, दुसरीकडे ६७,८३५. हवालदारांनी पाटीवरची बेरीज दोनदा तपासली आणि टोपी सारखी केली.

आता तुम्ही विचाराल, मग जुना पगार धरूनच नवीन पगार का ठरवत नाहीत? त्याचे उत्तर पेन्शनीत आहे. केंद्र सरकारचे निवृत्तांना पुन्हा नोकरी देण्याविषयीचे १९८६ चे आदेश आहेत. पंचावन्नच्या आत निवृत्त झालेल्या, अधिकारी हुद्द्याच्या खालच्या जवानाची सारी पेन्शन नवा पगार ठरवताना हिशेबातच घ्यायची नाही, असे ते सांगतात. पेन्शन अख्खी तुमची, आणि पगार नव्या जागेचा, तळाच्या आकड्यापासून. अधिकाऱ्यांचे तसे नाही. त्यांचा नवा पगार जुन्या पगाराकडे पाहून ठरतो, पण सातव्या आयोगानंतर पेन्शनीतले पहिले १५,००० सोडून बाकीची पेन्शन त्यातून वजा होते. म्हणजे ती 'पहिली पायरी' हा अपमान नसून पेन्शन अख्खी ठेवण्याची किंमत आहे. बँकांची रीत मात्र वेगळी आहे, तिथे जुना पगार सांभाळण्याची तरतूद असते. बँकेत जागा मिळाली तर त्या बँकेचाच नियम वाचावा.

यात एक खाच आहे, आणि तीत पुष्कळजण अडकतात. पेन्शनीवरची जी ११,४०० महागाई आपण धरली, ती पुन्हा नोकरीला लागलेल्या माणसाला आपोआप मिळेलच असे नाही. पगार तळाच्या आकड्यावर ठरला आहे आणि पेन्शन पूर्ण सोडून दिली आहे, असा दाखला नव्या कार्यालयाने द्यावा लागतो. तो दाखला पेन्शन देणाऱ्या कचेरीत पोचला नाही, तर महागाई अडते. महिन्याला ११,४०० रुपये! ६७,८३५ चे ५६,४३५ होतात. एवढ्या मोलाचा कागद, पण रुजू होण्याच्या दिवशी हारतुऱ्यांच्या गडबडीत तो कुणी मागत नाही. तेव्हा रुजू होताच, पहिल्या आठवड्यात, लेखी अर्ज देऊन दाखला मागावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

दुसरी गोष्ट पेन्शन विकण्याची. खेड्यात तिला असेच म्हणतात, कायद्यात तिचे नाव पेन्शनचे अंशराशीकरण. जवानाला निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते. आपल्या हवालदाराने निम्मी विकली, तर दरमहा ११,४०० कमी होतात (वरच्या महागाईइतकाच आकडा आला, हा योगायोग समजा). चाळिशीच्या सुमारास साधारण नऊ वर्षांच्या रकमेइतके पैसे एकदम हातात येतात, म्हणजे सुमारे १२ लाख ३१ हजार रुपये. ही कपात पंधरा वर्षे चालते, मग पेन्शन पूर्ववत होते. पंधरा वर्षांत कापले गेले २० लाख ५२ हजार. महागाई मात्र मूळ पूर्ण पेन्शनीवर मिळत राहते, एवढे बरे.

विकू नये असे मी म्हणत नाही. मुलीचे शिक्षण आहे, विहीर आहे, डोक्यावर सावकारी व्याजाचे कर्ज आहे, तर विकणे शहाणपणाचेही ठरेल. पण भावकीत शेजाऱ्याने दोन मजली बांधले म्हणून आपणही बांधायचे, आणि त्यासाठी पंधरा वर्षांची निम्मी पेन्शन द्यायची, हे मला पटत नाही. मी हे तोंडावर बोलून दाखवतो, म्हणून काहींना मी आवडत नाही.

पगारपावतीवर न छापलेल्या गोष्टीही मोजल्या पाहिजेत. फौजेत रेशन असते, कपडे असतात, राहण्याची जागा असते, सुट्टीला रेल्वेचा वॉरंट असतो. घरी आल्यावर तांदूळ, तेल, विजेचे बिल, सारे खिशातून. म्हणून बेरीज जवळजवळ सारखी आली, तरी पहिल्या वर्षी हात आखडतो. घरच्या बाईला हे आधी समजावून सांगावे. पण काही सवलती मागे येतात. कॅन्टीनचे कार्ड राहते. माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेली ई.सी.एच.एस. ही आरोग्य योजना आहे, तिचा दवाखाना कोल्हापुरात आहे. आणि २०१२ पासून दोन्ही सेवांचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला आडकाठी नाही. म्हणजे माणसाचे बरेवाईट झाले, तर पत्नीला फौजेचेही मिळते आणि नव्या नोकरीचेही. नोकरी लागल्यावर नामनिर्देशनाचे कागद भरताना हे ध्यानात ठेवावे.

नव्या नोकरीची पेन्शन मात्र जुन्या फौजी पेन्शनसारखी नसते. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्र राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना वर्गणीची योजना आहे. केंद्रात माणूस १० टक्के भरतो, सरकार १४ टक्के. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकत्रित पेन्शन योजनेचा पर्याय दिला. तीत पंचवीस वर्षे सेवा झाली तर अर्ध्या पगाराची हमी आहे, कमी सेवा असेल तर त्या प्रमाणात. बेचाळिसाव्या वर्षी लागलेल्याला साठीपर्यंत अठराच वर्षे मिळतात, हे लक्षात घेऊन पर्याय निवडावा.

जागा मिळवण्याचेही दोन शब्द. केंद्राच्या गट 'क' मध्ये माजी सैनिकांना १० टक्के, आणि महाराष्ट्र राज्यात गट 'क' व 'ड' मध्ये १५ टक्के जागा राखीव आहेत. वयाची अट पाहून बरेचजण अर्जच करत नाहीत. केंद्राच्या जागांना वयातून सेवेची वर्षे वजा करतात, आणि उरलेले वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांनी जास्त असले तरी चालते. आमच्या हवालदारांच्या बेचाळिसातून चोवीस गेले, उरले अठरा! पोरांच्या रांगेत ते सर्वांत लहान ठरले. एक सावधगिरी: एकदा सिव्हिल नोकरी पत्करली, की राखीव जागेचा हक्क साधारणपणे संपतो. मात्र केंद्राच्या २०१४ च्या आदेशाप्रमाणे, रुजू होण्यापूर्वी इतरत्र केलेल्या अर्जांची तारीखवार यादी नव्या कार्यालयाला लिहून दिली असेल, तर त्या अर्जांपुरता हक्क राहतो. म्हणून अर्जांची वही ठेवावी. चिठोऱ्यांवर विसंबू नये.

आतापर्यंत जे सांगितले, ते सारे पेन्शनीच्या खांबावर उभे आहे, आणि जवानाला पेन्शन मिळते ती पंधरा वर्षांच्या सेवेनंतर. मध्येच नाव कापून घेऊन येणाऱ्याचा तराजू निराळा. आणि २०२२ पासून अग्निपथ योजनेत जाणाऱ्या आपल्या पोरांचा तर साफच निराळा. चार वर्षे सेवा, पहिल्या वर्षी महिना ३०,००० व चौथ्या वर्षी ४०,०००, त्यातले ३० टक्के बाजूला, तेवढेच सरकारचे, आणि शेवटी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार. पेन्शन नाही, आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पंचवीस टक्क्यांपर्यंत मुले पुढे कायम होतात. बाकीच्यांच्या दुसऱ्या पारड्यात नव्या नोकरीचा पगार एकटाच पडणार, हे गणित त्या मुलांना भरतीच्या मैदानावर जाण्यापूर्वी करून दाखवणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे. जाऊ नको म्हणण्यासाठी नव्हे. चार वर्षांत पुढचे शिक्षण किती उरकायचे, हे त्याने आधी ठरवावे म्हणून.

वरचे आकडे सातव्या आयोगाचे, म्हणजे २०१६ पासूनचे आहेत. २०२५ मध्ये आठवा आयोग नेमला गेला. त्याचे तक्ते लागू झाले की आकडे पुसून नवे घालावेत, मांडणी तीच ठेवावी. शंका असेल तर कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. जाताना डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम म्हणजे पी.पी.ओ., ओळखपत्र आणि शेवटची पगारपावती, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती न्याव्यात.

आमचे हवालदार रुजू झाले. दाखल्याचा अर्ज मीच लिहून दिला होता. दोन महिने महागाई आली नाही, तिसऱ्या महिन्यात मागच्या बाकीसह आली. ऊस ते अजून बघतात, रविवारी.