कीबोर्ड रुसला हो!

रात्रीचे आठ चाळीस. नऊला स्टोरी मेल करायचीय, नऊलाच माझ्या रूमीची नाइट शिफ्ट सुरू होणार... आणि कीबोर्डने मौनव्रत धरलेलं. माउस मस्त पळतोय, कीबोर्ड मात्र ढिम्म!

आधी आमचा सेटअप सांगते. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये टेबल एकच. त्यावर एक मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माउस. खाली माझा पीसी, बाजूला तिचा ऑफिसचा लॅपटॉप आणि मधे बिचारा केव्हीएम स्विच. म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तिघांना दोन घरी नांदवणारा डबा. स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की कॉम्प्युटर बदलतो. (त्या बटणाचा दुसरा काही उपयोग मी तरी आजवर केलेला नाही!)

"सकाळी चहा तूच सांडलास ना?" मी तिच्यावर घसरलेच. काही न बोलता ती किचनमध्ये निघून गेली. झालं!

एस्केप दाबून पाहिलं. काही स्विच हॉटकी अर्धवट दाबली गेली की पुढच्या कमांडची वाट बघत बसतात आणि तोवर आपलं टायपिंग गिळतात. एस्केपने सुटतात म्हणे. आमचा सुटला नाही. कॅप्स लॉकचा दिवाही लागेना. शेवटी टेबलाखाली रांगत गेले, कीबोर्डची वायर स्विचमधून उपसली आणि थेट पीसीच्या मागे खुपसली. टकाटक चालू! आठ अठ्ठावन्नला स्टोरी गेली.

पण याचा अर्थ चहा निर्दोष होता. आणि चहा सांडणारीही.

आता तिचं लॉगिन. स्विच रीसेट करावा म्हटलं, तर त्यातही गोची. तो दोन्ही कॉम्प्युटरच्या यूएसबीमधून वीज घेतो, त्यामुळे एकच वायर काढून तो बंद होतच नाही. सगळ्या वायरी काढल्या, दहा आकडे मोजले, परत लावल्या. कीबोर्ड जागा झाला... आणि कॉम्प्युटर बदलताच पुन्हा झोपला.

तेव्हा ट्यूब पेटली. रविवारी हा नवा कीबोर्ड मीच तर आणला होता! मेकॅनिकल, खालून सप्तरंगी दिवे, एकदम कूल. पण केव्हीएमचं कीबोर्डवालं सॉकेट नुसती वायर जोडत नाही. हॉटकी ओळखण्यासाठी ते प्रत्येक की आधी स्वतः वाचतं, आणि ज्या कॉम्प्युटरवर आपण नसतो त्यालाही 'कीबोर्ड इथेच आहे' असं भासवत राहतं. साधासुधा कीबोर्ड त्याला कळतो. एकाच वेळी ढीगभर कीज पाठवणारा असला नखरेल पाहुणा आला की त्याची विकेट पडते. शिवाय दिवे वीज खातात ते वेगळंच. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळणार, त्यात स्विच, माउस आणि ही दिवाळी!

आमच्या स्विचवर प्रिंटर-पेनड्राइव्हसाठी एक साधं यूएसबी सॉकेट आहे. तिथे कुणी काही वाचत बसत नाही. कीबोर्ड तिथे लावला, आणि चालला की! हॉटकी गेली, आता डब्यावरचं बटण बोटाने दाबायचं. तुमच्या कीबोर्डला सहा-कीचा साधा मोड असेल तर आधी तो करून बघा, कदाचित हॉटकीही वाचेल.

नऊ वाजून सात मिनिटांनी ती लॉगिन झाली. सॉरी म्हणून मी आल्याचा चहा करून नेला. तिने कप घेतला, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला आणि हेडफोन चढवले.