साथ आली म्हणून विमानाचं तिकीट स्वस्त होत नाही

कुठल्याही साथीची बातमी आली, की गडचिरोलीतल्या आलापल्ली-एटापल्लीच्या बाजूला एक सल्ला हमखास कानावर येतो: "थांब जरा, आता विमानं रिकामी जातील, तिकीट पडेल." सूरजागडच्या खाणीवर बाहेरगावची माणसं आली, इथली मुलं शिकायला पुण्याला गेली. अडीचशे किलोमीटरहून लांबचं नागपूर विमानतळ त्यांच्या बोलण्यात आता नेहमी असतं. म्हणूनच हा सल्ला महागात पडतो. कोरोनाने तो डोळ्यांदेखत खोटा ठरवला, तरी लोक तो छातीठोकपणे देतच आहेत!

मागणी घटली की भाव उतरतो, इथवर बरोबर. पण तोडलेला टोमॅटो पडेल त्या भावात विकावाच लागतो. विमानाचं तसं नाही. कंपनी फेरीच रद्द करते. भीतीच्या पहिल्या काही आठवड्यांत भाडी उतरतात, मार्च २०२० च्या सुरुवातीला ती उतरलीही होती. पुढे फेऱ्या कापल्या जातात आणि उरलेल्या जागांसाठी, ज्यांना जाणं टळत नाही अशांची ओढाताण सुरू होते.

नंतर काय झालं ते सरकारी आदेशांतच आहे. २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत विमानं बंद होती. २५ मे रोजी ती सुरू झाली तेव्हा साधारण एक तृतीयांश फेऱ्यांनाच परवानगी होती; मुंबईत तर दिवसाला २५ उड्डाणं आणि २५ आगमनं. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने प्रवासाच्या वेळेनुसार सात गट पाडले आणि प्रत्येक गटाला कमाल भाड्याबरोबर किमान भाडंही ठरवून दिलं. दिल्ली-मुंबईसाठी किमान ३,५०० आणि कमाल १०,००० रुपये, कर आणि विमानतळाचं शुल्क वेगळं. म्हणजे विमान अर्धं रिकामं असलं, तरी कंपनीला त्याखाली तिकीट विकता येत नव्हतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) आकड्यांनुसार देशांतर्गत प्रवासी २०१९ मधल्या १४.४१ कोटींवरून २०२० मध्ये ६.३० कोटींवर आले. प्रवासी निम्म्याहून कमी, आणि तरीही २०२१ मध्ये हे किमान भाडं वाढवत नेलं! ही बंधनं उठली ती थेट ३१ ऑगस्ट २०२२ ला. परदेशात अडकलेल्यांची गत आणखी वाईट. त्यांना परत आणणाऱ्या 'वंदे भारत' मोहिमेच्या विमानाने लंडनहून मुंबईला यायला सुमारे ५०,००० रुपये आणि अमेरिकेहून सुमारे एक लाख पडत होते.

नागपूरसारख्या ठिकाणी हे जास्त जाणवतं. एका विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या टप्प्यांत विकल्या जातात, स्वस्त टप्पा आधी संपतो. एखाद्या मार्गावर तीन फेऱ्यांची एकच उरली, की स्वस्त जागाही तेवढ्याच घटतात. मुंबई-दिल्लीला दुसरं विमान मिळतं. इथल्या माणसाला मग बल्लारशाहून रेल्वे बघावी लागते.

मंदीत तरी स्वस्त होतं का? २०१९ मध्ये अर्थव्यवस्थेची गती मंदावत होती. त्याच वर्षी १७ एप्रिलला जेट एअरवेजने उड्डाणं थांबवली आणि भाडी चढली. मंदीत दुबळी कंपनी बुडते, तिच्या जागा बाजारातून जातात.

तेल स्वस्त झालं की तिकीट स्वस्त, हाही भ्रम. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी कच्च्या तेलाचा वायद्याचा भाव शून्याखाली गेला होता, पण तेव्हा आपली विमानं जमिनीवर होती.

 

आणि "लॉकडाऊनमधल्या तिकिटाचे पैसे बुडाले" असं म्हणणाऱ्यांसाठी: १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, लॉकडाऊनच्या काळात त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचा पूर्ण परतावा द्यायला सांगितलं. तिकीट एजंटकडून काढलं असेल, तर कंपनीने दिलेली रक्कम त्याने लगेच प्रवाशाच्या हाती द्यायची, हेही त्या निकालात आहे.