मोबाइलवरून संगणकाला इंटरनेट

ग्रामसभेच्या खोलीत संगणक आहे, पण इंटरनेटची तार आलेली नाही, असे धानोरा, एटापल्लीकडच्या आडगावांत होते. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. असे हक्क सांभाळायचे म्हणजे बांबू-तेंदूचा हिशेब आणि कागदपत्रे आलीच. त्यातच पीकविम्याची मुदत संपत आली, की तालुक्याला धावपळ. अशा वेळी गावात मोबाइलचे इंटरनेट चालत असेल, तर खिशातला स्मार्टफोनच मोडेमचे काम करतो.

कसे करावे?

१. फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडा. काही केबली नुसते चार्जिंग करतात, त्या चालत नाहीत.

२. फोनचा मोबाइल डेटा चालू करा. सेटिंगमध्ये ‘हॉटस्पॉट व टेदरिंग’ शोधून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. केबलवर फोन चार्जही होत राहतो.

३. लॅपटॉप असल्यास केबलशिवाय ‘हॉटस्पॉट’ही चालतो. त्याला पासवर्ड मात्र जरूर ठेवा, नाहीतर तुमचा डेटा दुसराच कुणी वापरील.

सिग्नल कमी असेल तर हॉटस्पॉट लावून फोन खिडकीत किंवा माळ्यावर ठेवा. तरीही जमले नाही, तर अर्ज पहाटे भरून पाहा. तेव्हा गर्दी कमी असते.

संगणक आपणहून अपडेट उतरवू लागला, की दिवसाचा डेटा बघता बघता संपतो. म्हणून विंडोजमध्ये हे कनेक्शन ‘मीटर्ड’ करा. काम झाले, पावती जपून ठेवली, की टेदरिंग बंद करायला विसरू नका.