पहिली रेषा कोणाची?

संस्कृती वरून खाली झिरपते, असे आपल्याला नेहमी सांगितले गेले. वरचे ती घडवणार आणि खालच्यांनी ती स्वीकारायची. म्हणूनच जगातली पहिली चित्रे कोणी काढली, हा प्रश्न मला केवळ पुरातत्त्वाचा वाटत नाही. ज्यांच्याजवळ अक्षर नव्हते त्यांच्याजवळ मन होते की नव्हते, असा तो प्रश्न आहे.

या प्रश्नापाशी मोठमोठे पंडित कसे अडखळले ते पाहण्यासारखे आहे. १८७९ साली उत्तर स्पेनमधील अल्तामिरा गुहेत मार्सेलिनो सान्झ दे साउतुओला अश्मयुगाचे अवशेष शोधत होता. त्याची नजर जमिनीवर होती. सोबतच्या आठ वर्षांच्या मारियाने, त्याच्या मुलीने, वर पाहिले. छतावर रानगवे रंगवलेले होते. पुढच्याच वर्षी त्याने ही चित्रे अश्मयुगातील असल्याचे लिहून प्रसिद्ध केले. फ्रान्सच्या एमिल कार्ताइलाकसारख्या अग्रगण्य अभ्यासकांनी ते धुडकावले. चित्रे बनावट असल्याचा संशय घेतला गेला. कारण काय? चित्रे फार चांगली होती! रानटी माणसाला इतके चांगले येणारच नाही, हा निकाल आधी लागला होता. पुरावा नंतर आला. साउतुओला १८८८ साली वारला. फ्रान्समधील गुहांतही तशीच चित्रे सापडत गेली, तेव्हा कुठे १९०२ साली कार्ताइलाकने आपली चूक जाहीरपणे मान्य केली. हे तर्कशास्त्र आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. वस्तीतले पोर वर्गात पहिले आले की 'कोणाचे पाहून लिहिलेस?' असे विचारणारे गुरुजी मीही पाहिले आहेत.

चूक सुधारली, पण अर्धीच. यानंतर कला युरोपात जन्मली असा दुसरा समज रुजला. १९४० साली लास्को सापडले, १९९४ साली शोवे. शोवेतील जुनी चित्रे सुमारे ३६ हजार वर्षांपूर्वीची. पण माणूस मुळात युरोपचा नाही. आपल्यासारख्या माणसाचे आजवर ज्ञात असलेले सर्वांत जुने अवशेष आफ्रिकेत, मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे मिळाले. त्यांचे वय सुमारे ३ लाख वर्षे. दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वी माणसे शिंपल्यांत गेरूचा रंग कालवत होती. तिथेच गेरूच्या तुकड्यावर कोरलेली रेषांची जाळी सुमारे ७५ हजार वर्षांची आहे. डीपक्लूफ येथे सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीची, नक्षी कोरलेली शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. ती पाण्याची भांडी असावीत. रोजच्या भांड्यावर रेघ मारावीशी वाटणे, इथे मला कलेचे मूळ दिसते.

हा माणूस आफ्रिकेबाहेर पडला आणि पूर्वेकडे दूरवर गेला. इंडोनेशियाचे सुलावेसी बेट आशियाच्या भूमीला कधीच जोडलेले नव्हते. तिथे समुद्र ओलांडूनच जावे लागते. तेथील गुहाचित्रे फार तर १० हजार वर्षांची असतील, दमट हवेत त्याहून जुने टिकणार नाही, असे अभ्यासक धरून चालले होते. मग त्यांचे वय मोजले कसे? गुहेत झिरपणाऱ्या पाण्यात युरेनियम विरघळलेले असते, थोरियम जवळजवळ नसते. त्या पाण्याचा चुनखडी थर चित्रावर साचतो. थरातील युरेनियमचे ठराविक गतीने थोरियम होत जाते. दोहोंचे प्रमाण मोजले की थराचे वय कळते, आणि थराखालचे चित्र त्याहून जुनेच असणार. २०२४ साली लेआंग कारामपुआंग गुहेतील रानडुक्कर आणि त्याभोवतीच्या मनुष्याकृतींचे वय किमान ५१,२०० वर्षे ठरले. शोवेच्या कितीतरी आधी! म्हणजे चित्र काढण्याची शक्ती माणूस वाटेत कुठे शिकला नाही. ती त्याने सोबत नेली, हेच अनुमान मला अधिक सयुक्तिक वाटते.

आपल्या भूमीतही तिच्या खुणा आहेत. विंध्याच्या डोंगरातील शैलचित्रे आर्चिबाल्ड कार्लाइलने अल्तामिराच्या दहा-बारा वर्षे आधी पाहिली होती. वि. श्री. वाकणकरांनी १९५७ साली भीमबेटका उजेडात आणले. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे तर शहामृगाच्या अंड्याचे कोरलेले कवच मिळाले. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा.

मात्र यावरून 'आम्हीच मूळचे, आम्हीच शुद्ध' असा दाखला कोणी काढू नये. तो मोह आपल्यालाही होतो. वरच्यांचा रक्ताचा अभिमान नाकारायचा आणि स्वतःचा उभा करायचा, हे मला मान्य नाही. १९१६ सालीच बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते की भारतातले लोक वंशाने मिश्रच आहेत आणि जात टिकते ती जातीतच लग्ने लावण्याच्या बंधनावर. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवले की येथील लोकसमूहांची सरमिसळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर झाली आणि पुढे ती आटत गेली. म्हणजे बेटीबंदी निसर्गाची नव्हे, माणसाची करणी; आणि माणसाने घातलेली बंदी माणूस उठवू शकतो.

लाखो वर्षांच्या वाटचालीत जातीच्या भिंती अगदी अलीकडच्या आहेत. गुहेच्या भिंतींवर माणसाने त्याआधी कितीतरी काळ चित्रे काढली, आणि एकाही चित्राखाली कोणाचे कूळ लिहिलेले नाही.