काळ्या मेंदीमागचे विज्ञान

चाँदरात असो की निकाह, मेंदीशिवाय आपल्या घरांत आनंद पुरा होत नाही. वाघोलीसारख्या वाढत्या उपनगरात पाला वाटणारे हात आता कमी झाले. तयार कोनच आणला जातो. काही कोन तासाभरात काळाभोर रंग देतात. अस्सल मेंदी असा रंग देऊच शकत नाही. का, ते पाहू.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचा रेणू असतो. रेणूतील इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या ठरावीक पातळ्यांवरच राहतात. जिन्यावर दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहता येत नाही, तसेच हे. वरच्या पातळीवर जायला इलेक्ट्रॉन नेमक्या तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश शोषतो. लॉसोन मुख्यतः जांभळा-निळा प्रकाश शोषतो. उरलेला पिवळा, नारिंगी, तांबडा प्रकाश डोळ्यांपर्यंत येतो. म्हणून मेंदी आधी नारिंगी दिसते. लॉसोन कातडीतील केराटिन प्रथिनाशी जोडला जातो आणि एक-दोन दिवसांत रंग गडद कथ्थई होतो.

काळे दिसायला जवळजवळ सगळे रंग शोषले जावे लागतात. त्यासाठी अनेकदा पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनिलिनडायअमाइन, हे केसांच्या कलपातील रसायन मिसळतात. हवेतील ऑक्सिजनने त्याचे लहान रेणू जोडून मोठे होतात. मोठ्या रेणूत इलेक्ट्रॉन दूरवर पसरतात, पातळ्यांमधील अंतर घटते आणि बहुतेक रंग शोषले जातात.

या बदलातच धोका आहे. पीपीडी इलेक्ट्रॉन सहज गमावते आणि त्यातून बनलेले रेणू कातडीच्या प्रथिनांना चिकटतात. शरीर त्यांना शत्रू समजते. मग खाज, फोड, कधी कायमचे डाग. ही ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते. पुढे साधा कलप लावला तरी त्रास उसळतो. युरोपीय संघात कलपात पीपीडीला २ टक्क्यांची मर्यादा आहे. कातडीवर लावायला परवानगी नाही.

म्हणून घटकांची यादी नसलेला किंवा झटपट काळा रंग देणारा कोन घेऊ नका. शक्यतो पावडर आणून घरीच भिजवा. जळजळ झाली तर हात लगेच धुवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तान्ह्या बाळांना तर अस्सल मेंदीही लावू नये. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असेल तर तिच्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. मेंदी रंगायला एक रात्र लागते. तेवढा सब्र करावा.