धुळीच्या जिवावर गोठणारे ढग

पाणी शून्य अंशाला गोठतं, हे शाळेत घोकलेलं वाक्य ढगाला लागू पडत नाही. उणे दहा, उणे पंधरा अंशांच्या ढगातही असंख्य थेंब खुशाल पाणीच राहतात. शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब आपणहून गोठायचा तर तापमान उणे ३८ अंशांच्या आसपास उतरावं लागतं. बर्फाच्या घडणीत रेणू जुळतात खरे, पण तो पुंजका पुरेसा मोठा होण्याआधीच पुन्हा विस्कटतो. त्याला टेकायला एखाद्या घन कणाचा योग्य पृष्ठभाग मिळाला, की हेच काम कितीतरी कमी थंडीत उरकतं. अशा कणांना हिमकेंद्रक म्हणतात.

ते आहेत मात्र फार दुर्मीळ. उणे २० अंशांना लिटरभर हवेत कामाचं हिमकेंद्रक जेमतेम एखादं सापडतं. बाकीचे कण लाखांच्या घरात असतात. पण पातेलंभर दुधाला विरजण तरी कितीसं लागतं! बर्फावरचा बाष्पदाब थंड पाण्यावरच्या बाष्पदाबापेक्षा कमी असतो. त्यामुळे थेंबांच्या गर्दीत एक स्फटिक तयार झाला, की भोवतालचे थेंब आटत जातात आणि त्यांची वाफ स्फटिकावर साचते. तो जड होऊन खाली येतो, वाटेत वितळतो आणि पाऊस म्हणून पडतो. खंड सरकतात असं सांगणाऱ्या आल्फ्रेड वेगेनर यांनी ही कल्पना १९११ मध्ये मांडली. पुढे स्वीडनच्या टोर बर्जेरॉन यांनी ती पावसाच्या सिद्धांतापर्यंत नेली.

सिद्धांताला प्रयोगाची जोड मिळाली ती अमेरिकेतल्या स्केनेक्टडी गावी, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. व्हिन्सेंट शेफर यांनी घरगुती फ्रीझरला आतून काळं मखमल लावलं होतं. त्यात ते तोंडाने वाफ सोडत आणि दिव्याच्या झोतात तो इवलासा ढग न्याहाळत. नाना पूड टाकून पाहिल्या, ढग काही गोठेना. १९४६ च्या जुलैत फ्रीझर पुरेसा गार होईना, म्हणून त्यांनी आत कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, तुकडा ठेवला. क्षणात झोतभर स्फटिक चमकू लागले. गंमत अशी, की कोरडा बर्फ हे हिमकेंद्रक नव्हेच. उणे ७८ अंशांची त्याची थंडीच इतकी जबर, की थेंबांना कोणाचा आधार लागला नाही. त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड व्हॉनेगट यांनी स्फटिकांची कोष्टकं चाळून, बर्फाशी मिळतीजुळती रचना असलेलं सिल्व्हर आयोडाइड शोधलं. कृत्रिम पावसाच्या विमानांमागे आजही तेच नाव जोडलेलं असतं.

निसर्गाचं कोष्टक मात्र इतकं सरळ नाही. वाळवंटी धुळीत चिकणमातीची खनिजं भरपूर असतात, म्हणून बरीच वर्षं श्रेय त्यांनाच दिलं जाई. २०१३ मध्ये लीड्सच्या संशोधकांनी दाखवलं, की खरा करामती पोटॅशियमयुक्त फेल्डस्पार हा खनिजाचा प्रकार आहे, आणि तो धुळीत थोडाच असतो. पुढे २०१७ मध्ये कार्ल्सरूहच्या गटाला दिसलं, की त्याच्याही सगळ्या पृष्ठभागावर बर्फ धरत नाही. भेगा आणि पायऱ्यांपाशी उघड्या पडलेल्या ठरावीक पृष्ठांवरच धरतो.

आणि धुळीवर मात करणारा एक जीव आहे. स्यूडोमोनास सिरिंजे हा पानांवर राहणारा जीवाणू उणे दोन अंशांनाच पाणी गोठवू शकतो. १९७० च्या दशकात कुजणाऱ्या पालापाचोळ्यावरच्या कामातून हा धागा हाती आला. हिमकणांनी पेशी फुटल्या, की जीवाणूला अन्न मिळतं. शेतकऱ्याचं पीक जातं. गोठवणारं जनुक काढून टाकलेला त्याचा भाऊबंद १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीवर फवारला गेला, तेव्हा त्या वाफ्याची आदल्या रात्री नासधूस झाली होती. जनुकबदल केलेला जीवाणू परवानगीने उघड्यावर सोडण्याची ती पहिलीच वेळ. हे जीवाणू ढगांपर्यंत पोचतात. पण पावसात त्यांचा वाटा किती, यावर वाद आहे, आणि मला तो वाटा फुगवून सांगितला जातो असं वाटतं.

हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो तो बर्फाच्याच खोडीमुळे. हॅलेट आणि मॉसप या संशोधकांनी १९७४ मध्ये दाखवलं, की उणे तीन ते उणे आठ अंशांच्या पट्ट्यात, बर्फाच्या कणावर आदळून थेंब गोठताना बारीक ठिकऱ्या उडतात आणि प्रत्येक ठिकरी नवा स्फटिक होऊ शकते. म्हणूनच ढगात मोजलेला बर्फ कधीकधी हिमकेंद्रकांच्या कित्येक पट निघतो. उलट दक्षिण महासागरावर धूळच तोकडी. तिथले ढग गोठणबिंदूखालीही बराच काळ पाणीच राहतात आणि ऊन परत फेकतात. हवामानाच्या अनेक प्रारूपांनी तिथे अवाजवी बर्फ धरला, आणि समुद्रावर खऱ्यापेक्षा जास्त ऊन पाडलं.

आपल्याकडे हा विषय निघतो तो दुष्काळात. २००३, २०१५, २०१९: पाऊस हुकला, की विमान उडवायची मागणी होते आणि सगळे प्रयोग ‘कृत्रिम पाऊस’ या एकाच नावाने ओळखले जातात. पावसाळ्यात आपल्यावर शून्य अंशाची पातळी साधारण साडेपाच किलोमीटरवर असते. ज्या ढगाचा माथा त्याखालीच राहतो, त्यात सिल्व्हर आयोडाइड फुकट जातं. म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरात ढगाच्या तळाशी जलशोषक क्षारांचे फ्लेअर जाळले. हेतू होता थेंब मोठे करण्याचा. बर्फाचा त्याच्याशी संबंध नव्हता. ढग माथ्याने उंच गेलेला असेल, तरच हिमकेंद्रकांचा प्रश्न येतो. आणि तिथेही वाऱ्यासोबत आलेली धूळ आधीच हजर असू शकते.