हरण्याची ऐपत

दक्षिण कोरियातलं इंचॉन, ११ ऑक्टोबर २०१५, रविवार. प्रेसिडेंट्स कपचा शेवटचा दिवस. एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला युरोप सोडून उरलेलं जग. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी या स्पर्धेत खेळणारा पहिला भारतीय. अठराव्या होलवर त्याचा प्रतिस्पर्धी क्रिस कर्क यानं लांबचा पट (होलभोवतीच्या हिरवळीवरचा, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका) घातला होता. सामना बरोबरीत सोडवायचा तर लाहिरीला जेमतेम चार फुटांवरून चेंडू होलमध्ये टाकायचा होता. चेंडू कडेवरून फिरून बाहेर आला. अमेरिका साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा अशी जिंकली. तो एक पट पडला असता, तर निकाल पंधरा-पंधरा लागला असता.

लाहिरीचं ते वर्ष कारकिर्दीतलं सर्वोत्तम होतं. फेब्रुवारीत मलेशियन ओपन आणि त्याच महिन्यात इंडियन ओपन. ऑगस्टमध्ये पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा क्रमांक. सर्वांत मोठ्या मानल्या जाणाऱ्या मेजर स्पर्धांत तोवर कुठल्याही भारतीयानं एवढी मजल मारली नव्हती. वर्षअखेर आशियाई टूरच्या क्रमवारीत पहिला. तरीही गोल्फ पाहणाऱ्यांना २०१५ म्हटलं की आधी तो चार फुटांचा पट आठवतो. मोठ्या गोल्फरांच्या मनोवृत्तीबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. हा खेळ जिंकण्यापेक्षा हरण्याचाच जास्त आहे.

पराभवाचा हिशेब

टेनिसच्या अंतिम सामन्यात एक हरतो, एक जिंकतो. गोल्फच्या स्पर्धेत शंभर-दीडशे जण उतरतात आणि एक सोडून सगळे हरतात. टायगर वूड्सच्या नावावर पीजीए टूरची ८२ विजेतेपदं आहेत. सॅम स्नीडच्या विक्रमाशी ही बरोबरी. तरीही कारकिर्दीत तो उतरलेल्या दर पाचांतल्या जवळपास चार स्पर्धा दुसऱ्याच कुणीतरी जिंकल्या. जॅक निकलॉसनं १८ मेजर जिंकल्या, हे सगळे सांगतात. त्यानं मेजरमध्ये १९ वेळा दुसरा क्रमांक घेतला, हे फारसं कुणी सांगत नाही. इतक्या वेळा दुसरा येणारा माणूस विसाव्यांदाही तितक्याच शांतपणे पहिल्या टीवर उभा राहतो, यात त्याची मनोवृत्ती दिसते.

अमेरिकेतले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या लाखो फटक्यांच्या नोंदी तपासल्या. आठ फुटांवरून जगातले उत्तम व्यावसायिक साधारण निम्मेच पट घालतात. दूरचित्रवाणीवर मात्र आपल्याला दिसतात ते जिंकणाऱ्याचे पडलेले पट. ‘मोठे खेळाडू चुकत नाहीत’ हा समज तिथूनच पक्का होतो. खरं तर मोठे खेळाडू चुकतात आणि पुढच्या फटक्याला ती चूक सोबत नेत नाहीत.

ही मनाची ताकद कुठून येते? पुस्तकं सांगतात ध्यान, श्वास, कल्पनाचित्रं. हे सगळं खरंच आहे. पण भारतीय गोल्फमधल्या दोन कारकिर्दी शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट दिसते. मन घट्ट होण्याआधी हरण्याची ऐपत असावी लागते.

डॉक्टरचा मुलगा, माळ्याचा मुलगा

लाहिरीचे वडील लष्करात डॉक्टर. मुलाच्या हातात त्यांनी आठव्या वर्षी गोल्फची काठी दिली. बदलीच्या गावी छावणी आणि बहुतेक छावण्यांत गोल्फचं मैदान, अशी त्याची वाढ झाली. बंगळुरूला विजय दिवेचांसारखा प्रशिक्षक मिळाला, २००७ साली तो व्यावसायिक झाला.

त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा एस. एस. पी. चौरासिया. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनची निगा राखणारे, म्हणजे मैदानाचे माळी. मुलगा मैदानाच्या कडेला वाढला, सभासदांच्या पिशव्या उचलल्या, उसन्या काठ्यांनी बघून बघून शिकला. प्रशिक्षक नाही. अंगकाठी लहान, त्यामुळे लांब फटका नाही. जे मोफत घोटता आलं ते त्यानं घोटलं, म्हणजे ग्रीनच्या आसपासचे छोटे फटके (चिप) आणि पट. सोबतचे खेळाडू त्याला गमतीनं ‘चिपपटसिया’ म्हणू लागले. १९९७ साली तो व्यावसायिक झाला. २००८ च्या फेब्रुवारीत दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन मास्टर्स ही युरोपियन टूरची स्पर्धा झाली आणि तोवर बहुतांशी देशातच खेळलेल्या या माणसानं ती जिंकली.

इंडियन ओपन मात्र हुलकावणी देत राहिली. १९९९ मध्ये तो दुसरा, त्यानंतरही पुन्हा पुन्हा दुसरा. २०१५ साली दिल्लीत तो आघाडीवर होता आणि शेवटच्या दिवशी सकाळी लाहिरी त्याच्या सात फटके मागे होता. लाहिरीनं ती सगळी दरी भरून काढली आणि प्लेऑफच्या पहिल्याच होलवर जिंकला. वर्षभरानं तेच मैदान. या वेळी चौरासिया पहिला आणि लाहिरी संयुक्त दुसरा. २०१७ साली चौरासियानं गुरुग्रामच्या अवघड मैदानावर सात फटक्यांनी विजेतेपद राखलं.

या दोघांत मनानं कणखर कोण? प्रश्नच चुकीचा आहे. लाहिरीचा खेळ धाडसाचा. सात फटके मागे असतानाही झेंड्याकडे थेट मारणारा. चौरासियाचा खेळ जपून. चेंडू सुरक्षित ठेवायचा आणि एखादा फटका छोट्या खेळात वसूल करायचा. स्वभाव म्हणून हे सांगता येईल, पण त्यामागे घरची परिस्थितीही आहे. ज्याच्या मागे पगारदार घर आहे, तो तरुणपणी चुकीचे फटके मारून शिकू शकतो. ज्याला या आठवड्याच्या बक्षिसावर पुढच्या आठवड्याचा प्रवास करायचा आहे, तो आधी चूक टाळायला शिकतो. व्यावसायिक गोल्फरला पगार नसतो. प्रवास, मुक्काम, पिशवी उचलणाऱ्या कॅडीचे पैसे सगळे पदरचे. दोन दिवसांनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेले बाद होतात, आणि जो त्याबाहेर गेला त्याला बहुतेक टूरवर त्या आठवड्यात एक पैसाही मिळत नाही. त्यामुळे चौरासियाचं वारंवार दुसरं येऊनही टिकून राहणं मला लाहिरीच्या पाठलागाइतकंच मोठं वाटतं.

तिसरी कारकीर्द पुण्याच्या उदयन मानेची. देशांतर्गत टूरवर त्यानं दहाहून अधिक विजेतेपदं मिळवली, पण जागतिक क्रमवारीत देशांतर्गत विजयांना वजन कमी. टोकियो ऑलिंपिकच्या साठ जणांच्या यादीत तो काठावर राहिला होता. जुलै २०२१ मध्ये अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतली आणि मानेला शेवटची जागा मिळाली. तिथे तो संयुक्त ५६वा आला, लाहिरी संयुक्त ४२वा. दुसऱ्याच्या माघारीवर आपला वर्षभराचा बेत टांगलेला असताना रोज सरावाला जाणं, ही मनोवृत्ती कुठल्या विक्रमात मोजली जात नाही.

फर्दापूरहून पाहिलं तर

हा लेख फर्दापुरात लिहितो आहे. सोयगाव तालुक्यातलं हे गाव, अजिंठ्याच्या लेण्यांचं दार. भोवती कपाशी आणि मका. अठरा होलच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते आणि वर्षभर हिरवळ जगवण्याइतकं पाणी. टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात असं मैदान कुणी मागणारही नाही. महाराष्ट्रात गोल्फ आला तो लष्करी छावण्या आणि साहेबांच्या क्लबांतून. म्हणूनच त्याची दारं दोनच राहिली. सभासदाचा किंवा अधिकाऱ्याचा मुलगा व्हायचं, नाहीतर पिशवी उचलणारा.

दुसऱ्या दारानं काय होतं ते चेंबूरला दिसलं. तिथल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे कॅडी शेजारच्या वस्तीत राहायचे. मैदानावर त्यांना मनमुराद खेळायला मिळेना, तेव्हा त्यांनी लोखंडी सळ्या वाकवून काठ्या केल्या आणि प्लास्टिकच्या चेंडूंनी घरांच्या बोळांत होल मांडले. परदेशी छायाचित्रकार तिथे येऊन गेले. या पोरांचा हात हुकमी होता. पत्र्याच्या दोन भिंतींमधून चेंडू काढायचा म्हणजे नजर लागतेच. पण मोठ्या टूरवर जायला नुसता हात पुरत नाही. वर्ष-दोन वर्षं कट हुकवण्याइतकी पुंजी लागते. दिल्लीच्या अली शेरनं कॅडीपासून सुरुवात करून १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. १९९३ साली पुन्हा जिंकली. अपवाद म्हणूनच त्याचं नाव घ्यावं लागतं.

हरण्याची ऐपत म्हणजे काय, हे आमच्या भागाला एका वेगळ्या कारकिर्दीतून ठाऊक असायला हवं. मेजर रॉबर्ट गिल म्हटला की आपल्याकडे पारोशी त्याच्या प्रेमाची गोष्ट निघते. पण १८४४ पासून त्यानं या दरीत वर्षानुवर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या आणि १८६६ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. गिलनं पुन्हा पहिल्यापासून काम धरलं. जिद्द त्याची होतीच, पण ते काम सरकारनं नेमून दिलेलं होतं, हेही खरं. त्या दोन्हींशिवाय दुसरी सुरुवात झाली नसती.

मनाची मशागत

लाहिरी विपश्यना करतो, हे त्यानं अनेकदा सांगितलं आहे. मराठी वाचकाला विपश्यना म्हटलं की इगतपुरी आठवते, आणि आमच्याकडे तर डोंगराच्या कुशीत भिक्षूंनी मनाच्याच अभ्यासासाठी खोदलेले विहार आहेत. गोल्फशी याचा संबंध सरळ आहे. चार तासांच्या फेरीत प्रत्यक्ष फटके मारण्यात काही मिनिटंच जातात. उरलेला वेळ माणूस चालत असतो आणि त्याचं मन मागच्या होलवर रेंगाळतं, नाहीतर पुढच्यावर धावतं. टायगर वूड्सला बौद्ध संस्कार थायलंडच्या आईकडून मिळाले. २०१० च्या फेब्रुवारीत जाहीर माफी मागताना आपण त्या शिकवणीपासून दुरावलो असं तो म्हणाला. म्हणजे मैदानावरचा संयम घरातही पुरतोच असं नाही.

रोरी मॅकिलरॉयनं २०११ ते २०१४ मध्ये चार मेजर जिंकल्या आणि मग जवळपास अकरा वर्षं एकही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये जस्टिन रोजला प्लेऑफमध्ये हरवून त्यानं मास्टर्स जिंकली, तेव्हा तो ग्रीनवर कोसळून रडला. त्याच वर्षी जुलैत स्कॉटी शेफलरनं ब्रिटिश ओपनच्या आधी सांगून टाकलं की जिंकल्याचा आनंद काही मिनिटंच टिकतो आणि त्यानं आयुष्य भरत नाही. मग ती स्पर्धा त्यानं चार फटक्यांनी जिंकली. एकाला विजयाची तहान, दुसरा त्यापासून अलिप्त, आणि दोघेही अव्वल. यशाची एकच मनोवृत्ती असते असं सांगणाऱ्यानं या दोघांचं काय करायचं ते सांगावं.

दोघांत समान एवढंच की हरलेला आठवडा त्यांना बुडवत नाही. लाहिरीलाही एका वळणावर ते सुख मिळालं. मार्च २०२२ मध्ये द प्लेयर्स चॅम्पियनशिप त्याच्या हातून एका फटक्यानं निसटली. कॅमरन स्मिथ जिंकला. दुसऱ्या क्रमांकाचे त्याला जवळपास २२ लाख डॉलर मिळाले. त्याच ऑगस्टमध्ये तो सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फमध्ये गेला. तिथे कट नाही. शेवटी येणाऱ्यालाही ठरलेली रक्कम. टीकाकार म्हणाले, भूक संपली. पण २०२४ साली वाल्देरामाला लाहिरी शेवटच्या होलपर्यंत जिंकत होता आणि तिथे छोटा पट हुकून प्लेऑफमध्ये सर्जिओ गार्सियाकडून हरला. पराभवाची किंमत कुणी आधीच चुकती केली म्हणून तो बोचायचा थांबत नाही. फक्त त्याच्यामुळे घर चालायचं थांबत नाही.

म्हणून ‘मानसिक कणखरपणा’ हा शब्द मला अपुरा वाटतो. तो सगळं श्रेय आणि सगळा दोष एकट्या खेळाडूच्या डोक्यावर ठेवतो. भारतातून पुढचा चौरासिया हवा असेल, तर मनाच्या शिबिरांआधी दोन गोष्टी लागतील. खारघरला सिडकोनं उभारलं तशी सार्वजनिक मालकीची मैदानं, जिथे सभासद नसलेल्या घरातलं पोरही फटका मारू शकेल. आणि विशी-बाविशीतल्या खेळाडूला दोन-तीन हंगाम कट हुकवता येतील असा आधार, मग तो सरकारचा असो की उद्योगांचा. क्रिकेटमध्ये रणजीच्या मानधनानं नेमकं हेच केलं. घरात कुणी खेळाडू किंवा श्रीमंत नसलेली मुलं लहान गावांतून वर आली. गोल्फमध्ये आपण अजून जिंकून आल्यावर बक्षीस देतो. गरज आहे ती हरत असताना पैसे देण्याची.